बोरगावच्या इमानपट्टीवरचा उशीर

विमान उशिरा सुटलं तर शिव्या वैमानिकाला बसत नाहीत. तो कुठेतरी आत असतो, टोपी घालून. शिव्या बसतात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला, आणि नागपूरला तो माणूस बरीच वर्षं मी होतो. हुद्द्याचं नाव भारदस्त होतं, ‘वाहतूक सहायक’. काम मात्र साधं. तिकिटं तपासायची, सामान तोलायचं, डकोटा विमान असलं तर प्रवाशांनाही काट्यावर उभं करायचं (बायका वजन मोठ्यानं सांगू देत नसत, आणि पुरुषही), आणि विमान आलंच नाही तर प्रवाशांकडे तोंड करून उभं राहायचं. या शेवटच्या कामाचं प्रशिक्षण कुठेच मिळत नाही.

मी मूळचा घाटंजीचा. आमच्याकडे त्या काळी उशीर नावाची गोष्ट जवळपास नव्हतीच. बैलांची बंडी बाजारात पोचली की पोचली. ती किती वाजता पोचायला हवी होती हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल, तर उशीर व्हायचा कसा? उशीर मी विमान कंपनीत शिकलो. ती भाड्यानं विमानं चालवणारी लहानशी खासगी कंपनी होती. केव्हाच बुडाली, त्यामुळे नाव सांगण्यात काही अर्थ नाही. विमानं जुनी, मालक चिक्कू, आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र होता, ‘थोड्याच वेळात’. विमान थोड्याच वेळात येत आहे. थोड्याच वेळात सुटत आहे. या दोन शब्दांवर मी सकाळची दुपार झालेली पाहिली आहे.

मग सरकारच्या हवाई खात्याचं एक परिपत्रक आलं. विमानाला फार उशीर झाला तर प्रवाशांना चहा-फराळ द्यायचा. जेवणाची वेळ झाली तर जेवण, शाकाहारी आणि मांसाहारी वेगवेगळं. मुक्काम पडला तर झोपायची योग्य सोय आणि तिथपर्यंतचं वाहन. आणि सगळ्यांत जाचक गोष्ट म्हणजे दर तासाला जबाबदार कर्मचाऱ्यानं प्रवाशांपुढे उभं राहून उशिराचं खरं कारण सांगायचं. ‘थोड्याच वेळात’ बंद! आमचे मॅनेजरसाहेब ते परिपत्रक वाचून इतके हसले, की त्यांच्या चहाची बशी हिंदकळली. “शोभेचे नियम आहेत,” ते म्हणाले. “भिंतीवर लाव.” मी भिंतीवर लावलं. रोज समोर असल्यामुळे ते मला पाठही झालं.

नागपुरात या नियमाची गंमतच झाली. एक वकीलसाहेब नेहमी मुंबईला जायचे. उशीर झाला की फुकट फराळ मिळतो हे कळल्यापासून ते विमान वेळेवर आलं की माझ्याकडे नाराजीनं बघत. “आज लवकर?” असं विचारत, जणू मीच काहीतरी बिघडवलं. पण नियमाची खरी परीक्षा नागपुरात झाली नाही. ती झाली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, केळापूरच्या अलीकडे, बोरगाव नावाच्या गावी.

थंडीचे दिवस होते. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या आमच्या डकोटात मीही होतो, कारण हैदराबादच्या कचेरीत मला काही दिवस बदली काम होतं. वीसेक प्रवासी. सूत्रं कॅप्टन सोराब यांच्या हाती. हे पारशी गृहस्थ पोटानं मोठे, स्वभावानं त्याहून मोठे. वर्धा नदी ओलांडली आणि डाव्या बाजूच्या इंजिनानं एकदा खाकरल्यासारखं केलं, मग पुन्हा केलं, आणि पंखा थांबला. विमानातल्या सगळ्या माना एकदम डाव्या खिडक्यांकडे वळल्या. कॅप्टननी मला पुढे बोलावलं. “दीकरा, तू इथलाच ना? खाली एक जुनी पट्टी आहे म्हणतात. लढाईच्या वेळची. कुठे आहे?”

मला कुठे माहीत! वरून मी माझं घाटंजीही ओळखलं नसतं. पण त्यांच्या नकाशावर बारीक खूण होती, आणि त्यांचे डोळे घारीचे होते. तुरीची हिरवी शेतं, पांढरा झालेला कापूस, मध्ये लालसर मुरमाचा लांब पट्टा. त्यावर गुरं होती, आणि एका टोकाला धान्य वाळत घातलेलं. कॅप्टननी एक चक्कर मारली, गुरांनी काय ते समजून घेतलं, आणि आम्ही उतरलो. उतरलो म्हणजे तीनदा उडी मारली आणि चौथ्यांदा जमिनीनं आम्हाला ठेवून घेतलं.

दार उघडून शिडी लावेपर्यंत शंभरेक माणसं धावत आली होती. सगळ्यांच्या पुढे एक पस्तिशीची बाई. डोईवर घागर, हातात लोटा, कासोटा घट्ट. धापा टाकत ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “लय उशीर केला भाऊ!”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “म्हणजे काय वो बाई?”

“म्हंजे काय म्हंजे? लढाईत सरकारनं सांगतलं, पट्टी दाबा, इमान येनार हाय. माह्या बापानं याच्यावर मुरूम टाकला. माहं लगन झालं, पोरं झाले, पोरगी लगनाले आली, तुमचं इमान काही येईना. वाट पाहून पाहून आमी याच्यावर तूर वाळू घालाले लागलो.”

आयुष्यात उशिराबद्दल पुष्कळ बोलणी खाल्ली, पण एवढ्या जुन्या उशिराबद्दल पहिल्यांदाच. मी हात जोडून माफी मागितली. काउंटरवरची सवय! तिनं ती मोठ्या मनानं स्वीकारली, घागर उतरवली आणि प्रवाशांना पाणी वाढायला लागली. तिचं नाव सुभद्राबाई. पट्टीला लागूनच तिची वस्ती होती.

अर्ध्या तासात कॅप्टननी बिघाड शोधला. तेलाची नळी फुटली होती. नवी नळी आणि मिस्त्री नागपूरहून जीपनं यायला हवेत, म्हणजे आज काही हलता येणार नाही. मी जवळच्या रिकाम्या बंडीवर चढलो आणि नियमाप्रमाणे घोषणा केली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. मग पाहिलं, गाव माझ्याकडे आ वासून बघतंय. त्यांना वगळणं बरं दिसेना. म्हणून वऱ्हाडीत सांगितलं, “इमानाची तेलाची नळी फुटली हाय. नागपूरहून दुसरी आना लागते. आज काही इमान जात नाही.”

“जाऊ बी नोका!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. प्रवासीही हसले, एक सोडून.

हा एक म्हणजे काडीसारखा बारीक, जाड भिंगांचा चष्मा लावलेला मद्रासी गृहस्थ. विमान उडी मारत होतं तेव्हाही तो शांतपणे वाचत होता. आता तो बंडीपाशी आला, मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाला, “कारण सांगितलंत, ठीक. पुढची माहिती तासाभरानं. विसरू नका.” असला एखादा प्रवासी प्रत्येक विमानात असतोच.

सुभद्राबाईनं तोवर गुळाचा चहा ठेवला होता. आणि इथे पहिली ठेच लागली. हैदराबादचे एक मोठे शेठजी होते, सोबत त्यांच्या म्हाताऱ्या आई. सगळे त्यांना माँजी म्हणत. शेठजींनी चहाचा पेला हातात घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि विचारलं, “बाई, तुम कौन लोग?”

सुभद्राबाईनं पेले भरणं थांबवलं नाही. “बौद्ध,” ती म्हणाली. “चार वर्सं झाले. पयले काय होतो ते तुमी इचाराच्या आंधी सांगतो, पयले होतो ते आता नाई.”

पेला शेठजींच्या हातात तसाच राहिला. आणखी दोन-तीन पेले खाली ठेवले गेल्याचा आवाज झाला. नेमक्या त्याच वेळी गावातून दमणी आली. घुंगरांचे बैल, आणि आत फेटा बांधलेले सदाशिव पाटील. त्यांनी उतरून सगळ्यांना नमस्कार केला. “साहेब लोक, अठी कायले बसले? वाड्यावर चाला. सैपाक होऊन राह्यला. चोखामोखा.” शेवटचा शब्द, म्हणजे ‘सोवळ्याचा’, त्यांनी सुभद्राबाईकडे न बघता म्हटला.

लोकांचे चेहरे खुलले. दोघं-तिघं तर उठलेच. सुभद्राबाई पुन्हा चुलीकडे वळली. तिच्या चुलीवर मोठं भगुणं चढलं होतं, वस्तीतल्या बायका भाकरी थापायला बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. घरापुढे वीस माणसं उपाशी उतरली म्हणून त्यांनी पीठ काढलं होतं, एवढंच. मी त्या चुलीकडे बघितलं, आणि मला भिंतीवरचं परिपत्रक आठवलं. जेवणाची व्यवस्था कंपनीनं करायची आहे. कंपनी म्हणजे, या माळावर, मी.

“पाटीलसाहेब,” मी म्हणालो, “लय उपकार. पण प्रवाश्यायचं जेवन कंपनीच्या सैपाकघरातूनच द्या लागते. सरकारचा नियम हाय.”

“कंपनीचं सैपाकघर कोठी हाय?”

“हे काय,” मी सुभद्राबाईच्या चुलीकडे बोट दाखवलं.

‘कंपनी’ हा शब्द ऐकून आणि माझं बोट पाहून चष्मेवाले गृहस्थ ताबडतोब जवळ आले. “या तुमच्या अधिकृत खानपान व्यवस्थापक आहेत? कधीपासून?”

“आत्तापासून, सर.”

त्यांनी माझ्याकडे भिंगांतून निरखून पाहिलं. मग ते सुभद्राबाईकडे वळले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, “शाकाहारी और मांसाहारी अलग होना चाहिए.”

मी ते तिला समजावून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाप्पा! कोंबडं कापाचं म्हनतील तर कापतो. तिखट किती टाकाचं तेबी लिहेल हाय काय नियमात?”

हे मी इंग्रजीत सांगितलं. चष्म्याखाली काहीतरी हललं. हसू होतं की काय, मला खात्री नव्हती. “तिखटाबद्दल नियम नाही,” ते म्हणाले. “ती उणीव आहे.”

पाटील दमणीत बसून निघून गेले. पंगत तुरीच्या पेंढ्यांच्या सावलीत मांडली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, मिरचीचा ठेचा. कॅप्टन सोराब सगळ्यात आधी मांडी घालून बसले, आणि पुढे बराच काळ त्यांचं डोकं वर आलं नाही. चष्मेवाले बसले. बाकीचे मात्र उभेच, एकमेकांकडे बघत. सगळ्यांची नजर माँजींवर होती. पांढरं लुगडं, तुळशीची माळ, सोबत स्वतःच्या पाण्याचा तांब्या. त्या काय करतात त्यावर अर्धी पंगत ठरणार होती.

माँजींनी विचारलं, “रोटी गरम है?”

“हाय माय, तव्यावरची.”

माँजी बसल्या. शेठजी घाईनं पुढे झाले. “माँ! आप…”

“चुप रह,” माँजी म्हणाल्या. “सुबह से आसमान में लटकाया मुझे. आसमान में कौनसा चौका, कौनसा चूल्हा? तब धरम नहीं गया, तो अब क्या जाएगा?” आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून ठेच्यात बुडवला. पुढच्याच क्षणी त्यांचे डोळे मोठे झाले, नाक लाल झालं, त्यांनी जोरात श्वास आत ओढला. मग त्यांनी ताट पुढे केलं. “और दे.”

वस्तीतल्या बायका इतक्या हसल्या, की भाकर तव्यावर करपली. शेठजी बसले. सगळेच बसले.

जेवणानंतर मला नागपूरला फोन करायला जवळच्या पांढरकवड्याच्या पोस्टात जायचं होतं. चष्मेवालेही सोबत निघाले. म्हणाले, मलाही निरोप द्यायचा आहे. बंडीतून आम्ही गेलो. वाटभर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “बैलगाडी हे योग्य वाहन म्हणता येईल का?” मी म्हटलं, “सर, वेळेवर तरी निघाली.” ते विचारात पडले.

ट्रंककॉल लागला. त्या काळी ट्रंककॉलवर बोलायचं म्हणजे फोनशिवायही नागपूरला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं. मी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. तिकडून ते हिंदीत इतके ओरडले, की पोस्टमास्तर, तार मास्तर आणि मनीऑर्डरच्या रांगेतली माणसं, सगळ्यांना ऐकू गेलं.

“जेवण? कुणी सांगितलं जेवण द्यायला? ही दैवी आपत्ती आहे! सगळ्यांना मोटारीत कोंबून आदिलाबादला पाठव आणि हात झटक. मुक्काम-बिक्काम काही नाही!”

“पण साहेब, नियम आहे…”

“नियम! ते नियम दिल्लीत बसलेल्या कुठल्या तरी गाढवानं लिहिलेत! त्याला काय माहीत विमान काय असतं! तू नोकरी सोडून दे, समजलं?”

चष्मेवाल्यांनी हळूच हात पुढे केला. मी रिसीव्हर त्यांच्या हाती दिला. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी सभ्य, थंड इंग्रजीत म्हणाले, “नमस्कार. मी सुब्रमण्यम, हवाई खातं, दिल्ली. गाढव बोलतंय.”

मनीऑर्डरची आख्खी रांग आमच्याकडे वळली. इंग्रजी समजणारा तिथे एकटा पोस्टमास्तर होता, पण अर्थ सगळ्यांना कळला. तिकडून बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग मॅनेजरसाहेबांचा आवाज आला, पूर्णपणे वेगळ्या माणसाचा वाटावा असा. मिस्त्री निघाला आहे, जेवणाचं बिल कंपनी देईल, सोय उत्तम ठेवा, साहेबांना काही कमी पडू देऊ नका. सुब्रमण्यमसाहेबांनी ऐकून घेतलं. “आणि हा कर्मचारी नोकरीवर राहील,” ते म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवला. बाहेर येऊन बंडीत बसल्यावर मात्र त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. ते हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसत, पोटाला हात लावून हसत होते. बैलांनी मागे वळून पाहिलं.

“मी हे नियम टेबलावर लिहिले,” ते मग म्हणाले. “उशीर म्हणजे काय, मला कागदावरच माहीत होतं. मी आजवर कधी ताटकळलो नाही, कारण माझ्यासाठी सगळे थांबतात.”

मुक्कामाची सोय पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये झाली. हंगाम होता, गोदामात कापसाचे ढीग होते, मालकानं त्यावर सतरंज्या टाकून दिल्या. इतकी मऊ गादी त्या प्रवाशांना पुढे कुठल्याही हॉटेलात मिळाली नसेल. सकाळी सगळे उठले ते केसांत, मिशांत, भुवयांत कापूस घेऊन. शेठजी तर एका दिवसात म्हातारे दिसायला लागले. माँजींनी मुलाकडे बघितलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

बंड्यांमधून पट्टीवर परत आलो तर अब्दुलभाई मिस्त्री जीप घेऊन हजर. इंजिनात डोकं खुपसून काम चाललेलं. आणि पट्टीच्या कडेला गोवऱ्यांचा धूर. सुभद्राबाईनं त्या दिवशी रोडगे लावले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. एवढे गहू वस्तीत आले कुठून, असं मी विचारलं. तिनं हनुवटीनं गावाकडे खूण केली. सदाशिव पाटलांच्या घरून पोतं आलं होतं, आणि तुपाचा डबा, आणि टोपलीभर वांगी. निरोप काही नव्हता.

दुपारी पाटील स्वतः आले. दमणी न आणता, पायी. पंगतीपासून थोडे लांब उभे राहिले. माँजींनी हाक मारली, “पाटीलजी, आप नहीं खाएँगे? आपही का गेहूँ है.”

“मी जेवून आलो,” पाटील म्हणाले. मग पुष्कळ वेळ त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. सुभद्राबाईनं तुपात बुडवलेला एक रोडगा द्रोणात घालून त्यांच्यापुढे धरला. पाटलांनी तो घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. बसले नाहीत. मी आजही त्याचा विचार करतो. बसले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण उभ्यानं का होईना, त्यांनी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, आणि द्रोण चाटलेला मी स्वतः पाहिला.

मग अब्दुलभाईंनी इंजिनातून डोकं काढलं आणि सांगितलं, “हो गया!” आता फक्त चाचणीची फेरी राहिली होती. दुरुस्तीनंतर विमान आधी रिकामं उडवून बघायचं, मग प्रवासी घ्यायचे, हाही नियमच. कॅप्टन शिडी चढायला लागले तेवढ्यात सुभद्राबाई माझ्याजवळ आली. हात पदराला पुसत.

“भाऊ, एक इचारतो. नियमात खायाचं लिहेल हाय, झोपाचं लिहेल हाय. ज्यानं रांधलं त्याचं काय लिहेल हाय?”

“बिल कंपनी देऊन राह्यली, बाई.”

“ते देईन. ते नाई म्हनत मी.” तिनं विमानाकडे पाहिलं. “माहा बाप मुरूम टाकता टाकता म्हने, पोरी, याच्यावरून एक दिवस तू उडशीन. आमी हसो. मले एक फेरी बसू द्या.”

मी सुब्रमण्यमसाहेबांकडे बघितलं. त्यांना भाषा कळली नाही, पण बोट विमानाकडे होतं. मी धीर करून सांगितलं. ते ताठ झाले. “चाचणीच्या फेरीत प्रवासी नेता येत नाही. सक्त मनाई. तो नियमही मीच लिहिला आहे.”

“बरोबर आहे, सर,” मी म्हणालो. “पण त्या प्रवासी नाहीत. कंपनीच्या खानपान व्यवस्थापक आहेत. काल तुमच्यासमोरच नेमणूक झाली.”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. आजूबाजूला आख्खं गाव श्वास रोखून उभं होतं, आणि माँजी त्यांच्याकडे अशा बघत होत्या, की नकार द्यायला दिल्लीहून कुमक मागवावी लागली असती.

“कर्मचारी जाऊ शकतात,” साहेब शेवटी म्हणाले. “पण पट्टा मी स्वतः बांधणार.”

आणि त्यांनी बांधला. आत जाऊन, वाकून, दोनदा ओढून बघून. मी शेजारी बसलो. उडताना कान बसतात म्हणून आम्ही प्रवाशांना लिमलेटच्या गोळ्या देत असू. सुभद्राबाईला एक दिली. तिनं ती गालात धरली आणि दोन्ही हातांनी समोरची दांडी अशी पकडली, जशी काय ती विमान स्वतःच उचलणार होती. इंजिनं गरजली. पट्टी मागे पळायला लागली. चाकं सुटली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “माय वो!” आणि मग तोंड उघडंच राहिलं, गोळी बाहेर पडायच्या बेताला.

कॅप्टननी डावीकडे वळण घेतलं. खाली खुनी नावाची नदी चांदीच्या सरीसारखी. केळापूरच्या जगदंबेचं देऊळ. पांढरकवड्याच्या जिनिंगची पत्र्याची छपरं. ती खिडकीला नाक लावून बसली होती, आणि हसत होती. कशाला म्हणून नव्हे, नुसतीच, आतून येईल तसं. तिचं ते हसू मलाही लागलं, आणि आम्ही दोघं गंजलेल्या डकोटात वेड्यासारखे हसत बसलो. एकदा तिनं माझा हात दाबून खाली दाखवलं. आपल्या गावाकडे. बराच वेळ ती काहीतरी शोधत राहिली.

उतरलो तेव्हा माणसांनी विमानाला वेढाच घातला. शिडीच्या पायथ्याशी सदाशिव पाटील होते. पुढे येऊन त्यांनी विचारलं, “काय दिसलं वो, सुभद्राबाई?” आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नावापुढे ‘बाई’ लावून त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती, हे मला मागाहून कळलं.

“सारं दिसलं,” ती म्हणाली. “तुमचा वाडा तेवढा नाई दिसला, पाटील. लय धुंडला. आमचं घर कोनतं अन् तुमचं कोनतं, वरून काईच समजत नाई. छपरावरचे सारे कवेलू एकासारखे.”

पाटील रागावले नाहीत. ते मान वर करून आभाळाकडे बघत राहिले, जणू खरं-खोटं तिथेच पडताळून बघायचं होतं.

विमान तयार होतं, पण प्रवासी तयार नव्हते. कुणाला रोडगे बांधून हवे होते, शेठजींना तुरीच्या शेंगा, आणि माँजी सुभद्राबाईकडून ठेच्याची रीत दुसऱ्यांदा ऐकत होत्या. तास झाला. सुब्रमण्यमसाहेबांनी मला घड्याळ दाखवलं. मी बंडीवर चढलो आणि खरं कारण सांगितलं, “इमान जायाले तयार हाय. उशीर प्रवाशी करून राह्यले.” टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

ते परिपत्रक पुढे दुरुस्त होऊन आलं. त्यात एक नवी ओळ होती. आडजागी उतरावं लागल्यास स्थानिक रहिवाशांकडून व्यवस्था करून घ्यावी, व त्यांना कंपनीचे कर्मचारी समजावे. दिल्लीत कुणाला त्या ओळीचं कारण माहीत होतं, कुणास ठाऊक. पुढे मी मोठमोठ्या विमानतळांवर नोकरी केली. उशिराची जेवणं कागदी खोक्यांतून आली, घोषणा भोंग्यातून आल्या. कुणाचं काही चुकलं नाही. पण उशीर झाल्याबद्दल प्रवासी आनंदानं टाळ्या वाजवतात, हे नंतर पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही, याची हुरहुर आहे.

त्या दिवशी आम्ही उडालो तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. सगळं गाव हात हलवत होतं. मधोमध सुभद्राबाई उभी होती, पण ती हात हलवत नव्हती. बोट वर करून शेजारच्यांना काहीतरी समजावून सांगत होती. ती काय म्हणत होती, ते अब्दुलभाईंनी मला नंतर नागपूरला सांगितलं. ते जीपपाशी, तिच्या मागेच उभे होते.

पाटील तिच्या बाजूला उभे राहून विचारत होते, “आता काय करन ते?”

“आता डाव्या अंगानं वळन,” ती म्हणाली. विमान वळलं. “आता नदी लागन. अन् आता त्यायचे कान बसतीन, पाटील. भेव नाई. गोळी चघळली का मोकळे होते.”